सामायिक सूर्य

आमचे आजोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण विजेच्या बिलावर ते अगदी परवापर्यंत हयात होते. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने यायचं आणि ते थकबाकी कधी ठेवत नसत. हयातीत ज्यांनी घरात एका वेळी दोन बल्ब लागू दिले नाहीत, त्यांच्या नावावर फ्रिज, पंप, दोन टीव्ही आणि वहिनीचं वॉशिंग मशीन चालायचं. हे आमच्याच घरात होतं असं नाही. आमच्या रेडी गावच्या कुठल्याही वाडीत मीटरांवरची नावं वाचत गेलात, तर या गावात वीज प्रामुख्याने दिवंगत मंडळी वापरतात असा परक्या माणसाचा समज व्हावा.

हे कुणाला खटकत नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली आणि खटकलं. छपरावर एक किलोवॅटचं सोलर लावलं तर ३०,००० रुपये सबसिडी, दोनला ६०,०००, तीन किंवा त्याच्या वर कितीही लावलं तरी ७८,०००. आकडा ऐकताच अण्णाने, म्हणजे आमच्या थोरल्या भावाने, घराच्या मागच्या बाजूच्या स्लॅबकडे पाहिलं. हा स्लॅब मागची पडवी मोडून घातलेला. बाकी घर मंगलोरी कौलांचं. आतापर्यंत त्या स्लॅबवर सुकत घातलेले बांगडे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवून बसलेली मांजर, एवढीच गुंतवणूक होती. अण्णाने अर्ज भरायला घेतला आणि पहिल्याच रकान्यात अडकला. वीज-जोडणी अर्जदाराच्या नावावर हवी. जोडणी आजोबांच्या नावावर, आणि आजोबांचं आधार कार्ड नव्हतं.

मग नाव बदलण्याची मोहीम सुरू झाली. नाव बदलायचं तर वारस आले, वारस आले की घरपट्टीचा उतारा आला, आणि उतारा आला की कोकणातल्या माणसाने शहाणपणाने इतकी वर्षं मिटवून ठेवलेलं सगळं प्रकरण उघडतं. घर सामायिक. हिस्सेदार लालबागला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला आणि एक दुबईला. अण्णाने सगळ्यांना फोन करून सूर्य किती स्वच्छ, कोळसा किती वाईट, हे समजावून सांगितलं. कुणीही वातावरणातल्या कार्बनबद्दल एक शब्द विचारला नाही. सगळ्यांनी एवढंच विचारलं, की आमचा हिस्सा तसाच राहणार ना? डोंबिवलीच्या काकांनी पुढे जाऊन विचारलं, "स्लॅब सामायिक, म्हणजे वरचा सूर्य पण सामायिकच ना?" अण्णा गप्प बसला. सातबाऱ्यावर झाडांची, विहिरींची नोंद असते. उन्हाची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे महसूल खात्याने अजून ठरवलेलं नाही.

खरं म्हणजे कोकणाला वीज नवी नाही. कोयनेचं पाणी घाट उतरून पोफळीला येतं, वीज देतं आणि वाशिष्ठीला मिळतं. दाभोळला एन्रॉन आलं, गेलं, आणि जाताना इंग्रजी वर्तमानपत्रांत कोकणाचं नाव करून गेलं. जैतापूरला दहा हजार मेगावॅटच्या आसपासचा अणुप्रकल्प योजलेला आहे, आणि त्यावर झालेल्या भाषणांची ऊर्जा वेगळीच. म्हणजे पाणी, वायू, अणू सगळे आमच्याकडे येऊन जाऊन असतात. एवढं असून घरातल्या देव्हाऱ्याशेजारी कंदील लटकलेला असतो, त्यात रॉकेल असतं, आणि त्याची काच दर शनिवारी राखेने पुसली जाते. कंदील का ठेवलाय म्हणून आजीला विचारलं, की ती म्हणते, "आसांदे. जागा खाता काय तुझी?"

हे "आसांदे" म्हणजे आमच्या घरचं ऊर्जा-धोरण. सरकारी कागदात लिहिलेलं असतं, की लाकडाकडून रॉकेलकडे, रॉकेलकडून गॅसकडे, गॅसकडून विजेकडे अशी कुटुंबं पायरी-पायरीने वर चढतात. आमचं कुटुंब चढतं, पण खालच्या पायऱ्या सोडत नाही. एकेका पायरीवर एकेक माणूस बसवून ठेवतं. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण बसवलेलं आहे. त्याखाली चुडतं, पिडे, सोडणं, करवंट्या, परसातला पातेरा, जे मिळेल ते जळतं. हे सगळं माडाखाली फुकट पडतं आणि उचललं नाही तर साप राहतात, तेव्हा आंघोळीचं पाणी हा मुळात सफाईचा कार्यक्रम आहे. शेजारीच वहिनीने गीझर बसवलाय. गीझरच्या पाण्याने अंग दुखायचं थांबत नाही, असं आजीचं संशोधन. धुराने तुझे डोळे गेले, असं वहिनीचं. दोन्ही संशोधनं आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि एकाच न्हाणीत सुखाने नांदतात.

स्वयंपाकघरात सिलिंडर आहे. सिलिंडरच्या मागे गोबर गॅसची नळी आहे.

गोबर गॅसची गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण या बाबतीत आम्ही सिंधुदुर्गवाले जगाला चार गोष्टी शिकवू शकतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ मध्येच मैल्यातून गॅस काढून वापरला होता. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, सोनखत आणि गॅस यांच्यामागे आयुष्य घातलं. कोकणचे गांधी म्हणत त्यांना. ज्या विषयाचं नाव काढल्यावर लोक जेवणावरून उठत, त्या विषयावर हा माणूस लोकांना जेवायला बसवून बोलायचा. आज झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने जिल्हाभर बायोगॅसची संयंत्रं उभी केली आहेत. तेव्हा अण्णानेही एक बांधलं. दोन घनमीटरचं.

दोन घनमीटरला रोज पन्नासेक किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. पाणी होतं. आमच्या गायी मात्र कोकण कपिला, म्हणजे गाय आहे हे जवळ गेल्यावर कळतं. काटक, डोंगर चढणारी, आजारी न पडणारी गुणी जात. पण ती दिवसभर सड्यावर चरते आणि आपलं ऊर्जाविषयक योगदान सड्यालाच देऊन घरी येते. अण्णा सकाळी टोपली घेऊन गायींच्या मागून निघायचा. तो असा शेण उचलत निघाला, की वाटेत भेटणारा प्रत्येक जण "काय अण्णानू, गॅस भराक चाललास?" असं विचारायचा. अखेर शेजाऱ्यांच्या गोठ्यातलं शेण घ्यायचं ठरलं. तोवर शेण म्हणजे कुणीही उचलून न्यावं अशी वस्तू होती. अण्णाने मागितल्या दिवसापासून तिला भाव आला.

गॅस होतो. निळी ज्योत लागते, चहा होतो, भात होतो, बांगड्याचं तिखलंसुद्धा होतं. नैवेद्य मात्र होत नाही. गोमूत्र चालतं, पंचगव्यात शेण चालतं, शेणाने सारवलेल्या जमिनीवर पान वाढलेलं चालतं. त्याच शेणाची वायुरूपातली सेवा देवाला चालत नाही. "तिखल्याक चलात," आजीने निकाल दिला, "पण माउलीच्या निवेद्याक नाय." संयंत्रातून बाहेर पडणारी मळी मात्र तिला पहिल्या दिवसापासून मान्य आहे. ती पोफळींना घातली जाते, आणि पोफळी अशा वाढल्यात, की अण्णाने गॅसचं संयंत्र बांधलं की खताचं, हा प्रश्न आता कुणी विचारत नाही.

आणि सौर ऊर्जा? ती तर आमच्याकडे पिढीजात आहे. आमसुलं, आंब्याची साठं, फणसाचे पापड, खोबरं, सुके बांगडे, गोलमो, सगळा उन्हाचाच कारभार. इथून जवळ शिरोड्याला मिठागरं आहेत. खाडीचं पाणी खणात घ्यायचं, ऊन दाखवायचं, मीठ खरवडायचं. ना कोळसा, ना वायर. त्या मिठासाठी १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला सत्याग्रह झाला आणि लोकांनी लाठ्या खाल्ल्या. सूर्य फुकट आहे, पण त्याने केलेला माल फुकट नाही, हे इंग्रजांना तेव्हाच कळलं होतं. अण्णाला ते पुढे बिल वाचताना कळलं.

असो. संमतीपत्रं आली, आजोबांची जोडणी अण्णाच्या नावावर झाली (त्या दिवशी आजी थोडी उदास होती), आणि एका सकाळी टेम्पोतून पॅनल आले. बसवणारा पोरगा कुडाळचा. त्याने होकायंत्र काढलं आणि पॅनलांची तोंडं दक्षिणेकडे येतील असा सांगाडा आखला.

"दक्षिणेक?" आजी खालून म्हणाली. "आमच्यात दक्षिणेक तोंड करून कोण जेवणत नाय."

"आजये, सूर्य त्या अंगाक कलता," पोरगा म्हणाला.

"सगळो वेळ खय कलता? मे म्हयन्यात तर तो दुपारी विहिरीच्या अंगाक आसता."

विहीर घराच्या उत्तरेला. पोरगा गोंधळला. पण आजीचं बरोबर होतं. रेडी सोळा अंश अक्षांशाच्या किंचित अलीकडे आहे; मेच्या सुरुवातीला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टपर्यंत भर दुपारी चक्क उत्तरेला असतो. नोकरीत नसल्यामुळे आजीला हे पाहायला वेळ मिळालेला आहे. जूनपासून पाऊस असल्याने त्या उत्तरेकडच्या सूर्याचा तसा काही उपयोग नाही, एवढाच बचाव पोराने केला आणि दक्षिण कायम ठेवली.

मग देवाला गाऱ्हाणं. पूर्वापार कुठलंही नवं काम गाऱ्हाण्याशिवाय होत नाही. मोटारसायकल आली तेव्हाही घातलं होतं. शेजारचे तात्या या कामात वाकबगार. नारळ हातात धरून त्यांनी सुरुवात केली: "बा देवी माउली म्हाराजा! आज ह्या लेकरान जा काय सोलार म्हणान छपरार चढवलला आसा, तेका वाऱ्याची, वांदरांची, वाकड्या नजरेची बाधा होव नये, दाखवलेले युनिट पुरे पडूंदे, आणि केंद्राची सबसिडी वेळेत खात्यार जमा होवंदे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. पोरानेही म्हटलं. सबसिडी जमा झाली, त्यामुळे गाऱ्हाण्याच्या परिणामकारकतेबद्दल मी काही बोलणार नाही.

तीन किलोवॅट म्हणजे स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट. दुमार्गी मीटर बसला. दिवसा आपण वापरून उरलेली वीज तारेवर जाते, रात्री आपण तारेवरची घेतो, महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते आणि उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा. तात्यांना हे लगेच समजलं. "म्हणजे सोसायटी," ते म्हणाले.

समजलं नाही ते आजीला, आणि तिला न समजणं हेच शहाणपणाचं होतं. पॅनल लागून थोडे दिवस झाले होते. दुपार, रखरखीत ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. आणि लाईट गेली. पंखा थांबला. आजी अंगणात आली, वर सूर्याकडे पाहिलं, मग स्लॅबकडे पाहिलं.

"सूर्य थयच आसा," ती म्हणाली. "मगे लायट खय गेली?"

अण्णाने कुडाळला फोन लावला. पोराने स्पीकरवर समजावलं, की तारेवरची वीज गेली की आपलं सोलर आपोआप बंद होतं, तशी रचनाच असते, नाहीतर आपल्या घरची वीज तारेवर शिरेल आणि "खांबार चढलेल्या वायरमनाक शॉक बसतलो."

"वायरमन अजून खांबार चढूक नाय," आजी म्हणाली. "तो शिरोड्याच्या बाजारात सुंगटां घेत होतो. आताच माका दिसलो."

त्याला उत्तर नव्हतं. नियम खांबावर चढलेल्या वायरमनसाठी आहे. बाजारात गेलेल्याची तरतूद त्यात नाही. तेव्हा लाईट गेल्यावरही चालेल असं काही हवं असेल तर बॅटरी लावा, वेगळा इन्व्हर्टर लावा, खर्च वेगळा, आणि बॅटरीशिवाय घेतलेल्या सोलरचा उपयोग लाईट असतानाच. छपरावर दोन लाखांच्या आसपासचा माल चढवून भर उन्हात कंदील शोधण्याचा मान आमच्या वाडीत प्रथम अण्णाला मिळाला. कंदील जागेवर होता.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाही हा कंदील होता. खांब आडवे, माड आडवे, कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात. मुंबईहून फोन लागत नव्हते, कारण गावात मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती. जिथे कुठे जनरेटर चालू, तिथे माणसं हातात चार्जर घेऊन बसलेली. आमच्या घरात त्या दिवसांत न्हाणीतली चूल पेटत होती, आणि वादळाने इतकी चुडतं पाडली होती की पुढचं वर्षभर आंघोळीच्या पाण्याची चिंता नव्हती. आजी ही गोष्ट सांगते तेव्हा तिच्या बोलण्यात संकटापेक्षा जळणाचा आनंद जास्त असतो.

अण्णाने बॅटरी घेतली. ती आहे, इन्व्हर्टर आहे, गोबर गॅस आहे, सिलिंडर आहे, भाण आहे, गीझर आहे. आणि आता एसी आहे.

एसी कसा आला हे सांगतो. पूर्वी बिल यायचं तेव्हा अण्णा ते मोठ्याने वाचायचा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. हा पाठ ऐकून घरातली माणसं उठून दिवे बंद करत. सोलर लागल्यावर बिल इतकं घसरलं की पाठ बंद झाला, आणि पाठ बंद झाल्यावर दिवे सुरू राहू लागले. "युनिट शिल्लक आहेत" हे वाक्य घरात पहिल्यांदा ऐकू आलं. शिल्लक आहेत म्हणून इंडक्शनची शेगडी आली. शिल्लक आहेत म्हणून पंप चालू राहून टाकी वाहू लागली. मग वहिनी म्हणाली, शिल्लक आहेत तर एक खोली थंड करू. कौलारू घराची खोली थंड करायची म्हणजे कौलांच्या फटींतून अर्धी हवा तेरेखोलच्या खाडीकडे. म्हणून आधी आतून छत घालावं लागलं. छताला खर्च, एसीला खर्च, आणि एसी तासाला युनिटभर खातो. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच लिहून ठेवलं होतं, की इंजिनं कमी कोळशात चालू लागली म्हणून देशाचा कोळसा वाचणार नाही, उलट जास्त जळेल. त्याने वाफेचं इंजिन पाहून हे ओळखलं. आमची वहिनी पाहिली असती तर त्याचं पुस्तक बरंच लहान झालं असतं.

आता अण्णाच्या फोनमध्ये एक अ‍ॅप आहे. त्यात दर मिनिटाला छपरावर किती वीज होतेय ते दिसतं. रोज संध्याकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याचा एकच आकडा येतो: "आज १२.४". जूनमध्ये "आज २.१". आम्हा चाकरमान्यांना गावचा पाऊस आता हवामान खात्याआधी कळतो. डोंबिवलीचे काका त्या प्रत्येक आकड्याखाली हात जोडलेलं चित्र टाकतात. आम्हाला ती भक्ती वाटायची. गणपतीत ते गावी आले तेव्हा उलगडा झाला. त्यांनी वहीत वर्षभराचे आकडे उतरवून त्याला हिस्सेदारांच्या संख्येने भागलं होतं. "माझे युनिट माझ्या खोलीत वापरणार," त्यांनी जाहीर केलं आणि मुंबईहून आणलेली माळांची पेटी उघडली. भाद्रपदातलं ढगाळ आकाश, घरात माणूस मावत नाही इतके पाहुणे, रात्रभर भजन, माटवीपासून गेटपर्यंत तोरणं. उन्हाळ्यात साठलेले युनिट गौरी जाईपर्यंत संपले. एप्रिल-मेमध्ये सूर्याने जे मिळवलं ते भाद्रपदात भावकीने खाल्लं, असं अण्णा म्हणतो. मार्चअखेर हिशेब मिटतो, तेव्हा शिल्लक काय निघते हे तो कुणाला सांगत नाही.

यात सुखी फक्त आत्या. तिला गोव्यात दिलंय. रेडीला लागून, नदीच्या याच काठावर तेरेखोलचा किल्ला आहे, आणि तो गोव्यात आहे. म्हणजे परराज्यात जायला आम्हाला नदीसुद्धा ओलांडावी लागत नाही. सूर्य दोन्हीकडे एकच, समुद्रात बुडतो तोही एकाच ठिकाणी. घरगुती विजेचा दर मात्र तिकडे बराच कमी. अण्णाने आत्याला सोलरचे फायदे तासभर सांगितले. तिने आपलं बिल दाखवलं. अण्णाने चहा प्यायला आणि विषय बदलला.

सध्या घरात वाद आहे तो तात्यांशी. तात्यांचं घर आमच्या पश्चिमेला. त्यांच्या कुंपणातला एक माड दुपारी तीननंतर आमच्या पॅनलांवर सावली टाकतो. सावली झापांची, म्हणजे हलती आणि विरळ. पण पॅनलांतले तुकडे एकाला एक जोडलेले असतात, एकावर सावली आली की अख्ख्या रांगेचं उत्पन्न खाली येतं. थोडक्यात, एकत्र कुटुंब. एरवी कोकणात भांडण गडग्यावरून होतं, वाटेवरून होतं, फणसाची फांदी कुठल्या बाजूला कलली यावरून होतं. सावलीवरून झालेलं हे आमच्या माहितीतलं पहिलं. अण्णाने नम्रपणे माड तोडण्याची गोष्ट काढली. तात्या रागावले नाहीत. ते पेन्सिल घेऊन आले.

"तुझे किती जातत?"

"दिवसाक सव्वा युनिट."

पावसाचे महिने सोडून वर्षाचे तीनशे युनिट धरले, सात रुपयांनी एकवीसशे. माडाला वर्षाला ऐंशी नारळ, तीस रुपयांनी चोवीसशे. "वर चुडतां, पिडे, सोडणां, खराट्याचे हीर," तात्या म्हणाले. "तुझो पॅनल किती वर्सां चलतलो?"

"पंचवीस."

"माड माझ्या बापाशीन लावललो."

पेन्सिल खाली ठेवली गेली. माड राहिला. पॅनलांची एक रांग पूर्वेकडे सरकवायची ठरली, त्याचा खर्च अण्णाचा. चहा झाला, सुपारी झाली. तात्या उठले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"आणि एक रवलाच. तुझो ह्यो सांगाडो उंच केलंस ना, तेची सावळी सकाळी आमच्या अंगणात येता. तुझ्या काकीची सोलां सुकनत नाय. तेचो हिशोब उद्या करूया."